डेव्हऑप्स
संगणकाची आज्ञावली रचणे आणि ती प्रत्यक्ष वापरात चालविणे, ही दोन्ही कामे संयुक्त जबाबदारीने करण्याची कार्यपद्धती. ‘डेव्हलपमेंट’ (विकसन) व ‘ऑपरेशन्स’ (परिचालन) या शब्दांवरून हे नाव पडले. पूर्वी मोठ्या संस्थांत ही कामे बहुधा स्वतंत्र विभागांकडे असत. विकसकांना बदल त्वरेने हवे असत. परिचालकांना प्रत्येक बदलात बिघाडाचा धोका दिसे. त्यामुळे अनेक बदल दीर्घकाळ साठवून एकदम बसविले जात व दोषाचे मूळ शोधणे अवघड होई. २००९ साली फ्लिकर या छायाचित्र-संकेतस्थळाचे जॉन ऑलस्पॉ व पॉल हॅमंड यांनी लहान लहान बदल दिवसातून दहाहून अधिक वेळा बसविण्याची पद्धत कॅलिफोर्नियातील एका परिषदेत मांडली. त्याच वर्षी पॅट्रिक डेब्वा यांनी बेल्जियममधील गेंट येथे ‘डेव्हऑप्सडेज’ ही परिषद भरविली. तीवरून प्रस्तुत संज्ञा रूढ झाली.

हाताने बदल बसविण्यातील धोका १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या तत्कालीन अमेरिकन रोखे-व्यवहार संस्थेला भोवला. आठ संगणकांपैकी एकावर नवी आज्ञावली बसवायची राहिली. त्यावरील जुना, वापरातून गेलेला भाग कार्यान्वित झाला आणि सुमारे ४५ मिनिटांतील व्यवहारांनी ४० कोटी डॉलरांहून अधिक तोटा झाला. दुसऱ्या तंत्रज्ञाने काम तपासावे, असा लेखी नियम तेथे नव्हता. स्वयंचलित बसवणी व तपासणी यांवर या पद्धतीत भर दिला जातो, तो अशा चुका टाळण्यासाठीच.