बस्त्यातून चावडीवर : हिंगोलीच्या जमीन-नोंदींचा प्रवास

हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला. पण इथल्या जमिनीचे कागद त्याहून खूप जुने आहेत आणि ते एका जागी नाहीत. काही तहसीलच्या अभिलेख कक्षात, काही परभणीला, काही थेट हैदराबादच्या अभिलेखागारात, तर काही घरातल्या लोखंडी पेटीत. हे कागद पाहताना एक प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला : ज्याची जमीन, त्याला स्वतःची नोंद वाचता येत होती का? सातबारा आता मोबाईलवर दिसतो, त्यामुळे हा प्रश्न सुटला असे आपण मानतो. जुने कागद पाहिल्यावर इतके निश्चिंत राहता येत नाही.

सर सालारजंग 1853 मध्ये निजामाचे दिवाण झाले. 1865 च्या जिल्हाबंदीने त्यांनी महसुलाची घडी बसवली. पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी होऊन शेतांना सर्व्हे नंबर पडले. 1880 च्या दशकात राज्यकारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली. 1317 फसलीचा, म्हणजे 1907 च्या सुमाराचा, जमीन महसूल कायदा याच काळातला. फसली सनात 590 मिळवले की इसवी सन येतो, हे गणितही आज अभ्यासकाला शिकावे लागते. वसमत-कळमनुरीकडचा शेतकरी बोलत होता मराठी. सरकारी कागद होता उर्दूत आणि गावचा हिशेब अनेकदा मोडीत. या दोन्हींच्या मधे वंशपरंपरेचा पटवारी उभा होता. कापडात बांधलेला बस्ता त्याच्या ताब्यात. आपल्या नावावर काय आहे हे कळायला त्याच्या ओसरीवर जावे लागे आणि तो वाचून सांगेल ते खरे मानावे लागे.

17 सप्टेंबर 1948 ला निजामी राजवट संपली. त्याच सुमारास, 1358 फसलीत, हैदराबाद राज्याचा हक्कनोंदीचा कायदा आला. 1950 मध्ये कूळकायदा आला. कसणाऱ्याचे नाव कागदावर येण्याला आता अर्थ होता. 1954-55 चे खासरा पत्रक या उलथापालथीतूनच तयार झाले. मराठवाड्यातल्या जमिनीच्या वादात आजही ‘खासऱ्यात कुणाचे नाव आहे?’ हा पहिला प्रश्न असतो, तो यामुळेच. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला आणि 15 ऑगस्ट 1967 पासून जमीन महसूल संहिता लागू झाली. गाव नमुना सात हक्कांचा, नमुना बारा पिकांचा. दोन्ही मिळून सातबारा. लिपी देवनागरी झाली, पटवाऱ्याच्या जागी तलाठी आला, बस्त्याचे दप्तर झाले.

फेरफाराच्या तरतुदीत संहितेने एक मोलाची गोष्ट ठेवली. खरेदी, वारस, वाटणी अशा कारणाने नाव बदलायचे असेल, तर त्याची नोंद चावडीवर लावायची, संबंधितांना नोटीस द्यायची आणि हरकतीसाठी 15 दिवस वाट पाहायची. हेतू चांगला, पण चावडीवरचा कागद गावात असलेल्यालाच दिसणार. ऊसतोडीला गेलेला, पुण्याला कामाला असलेला किंवा सासरी नांदणारी लेक यांनी तो कसा वाचावा? वडिलांच्या पश्चात भावांची नावे लागली आणि बहिणीचे राहिले, हे तिला दहा वर्षांनी कळे. तोवर हरकतीची मुदत कधीच उलटून गेलेली असे.

संगणकाचे खरे महत्त्व मला इथे दिसते. भूमी-अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र सरकारची योजना 1988-89 मध्ये सुरू झाली. घरबसल्या उपयोग व्हायला पुढे तीन दशके गेली. ‘महाभूलेख’वर सातबारा पाहता येऊ लागला. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागला. ‘आपली चावडी’ या सुविधेवर प्रलंबित फेरफारांच्या नोटिसा दिसतात. सेनगावातली हरकतीची मुदत आता पिंपरीत बसून मोजता येते. आपलाच कागद पाहायला कुणाला विचारावे लागत नाही, ही गोष्ट ज्यांनी ओसरीवर तासन् तास वाट पाहिली त्यांनाच कळेल.

पण या सोयीचा पाया वेगळ्याच ठिकाणी घातला गेला. हस्तलिखित सातबारा संगणकावर चढवताना चुका झाल्या : नावे बदलली, क्षेत्रे जुळेनात. त्या शोधायला 2017 च्या उन्हाळ्यात राज्यभर ‘चावडी वाचन’ झाले. गावकऱ्यांना जमवून संगणकातला सातबारा मोठ्याने वाचायचा आणि चूक असेल तर तिथेच सांगायची. संकेतस्थळावरची नोंद भरवशाची व्हायला अखेर माणसांची बैठकच कामी आली.

2023 मध्ये हाच अनुभव दुसऱ्या रूपाने आला. मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. खासरा पत्रके, पाहणी पत्रके, कूळ नोंदवह्या, जन्म-मृत्यूच्या वह्या बाहेर निघाल्या. त्या आरक्षणाच्या वादात मला इथे शिरायचे नाही. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की कागद स्कॅन करणे सोपे ठरले आणि वाचणारे मिळवणे अवघड. मोडी आणि उर्दू जाणणारे शोधून आणावे लागले. पडद्यावर दिसणारे पण वाचता न येणारे पान म्हणजे पुन्हा बस्ताच.

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी या साखळीतली पुढची कडी. हळद, सोयाबीन, तूर, जे शेतात असेल त्याचा फोटो शेतकरी स्वतः काढतो आणि नमुना बाराची नोंद स्वतः करतो. आजवर त्याच्याविषयी दुसऱ्यानेच लिहिले. सरकारी दप्तरात पहिल्यांदाच लेखणी त्याच्या हाती आली. रेंज नसलेल्या शिवारात आणि साधा फोन असलेल्या घरात मात्र ही लेखणी अजून शेजारच्या पोराकडे मागावी लागते. तो पोरगा नवा पटवारी होऊ नये, एवढी काळजी घ्यायला हवी.

माझ्या मते यापुढचे काम यंत्राइतकेच शाळा-महाविद्यालयांचे आहे. हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या महाविद्यालयांत मोडी आणि दप्तरी उर्दूचे वर्ग निघावेत, स्कॅन झालेल्या पानांचे देवनागरी लिप्यंतर व्हावे. आपल्या पेटीतले कागदही, वाचणारे कुणी हयात आहे तोवर, वाचून लिहून ठेवावेत. जुन्या लिप्या सहज वाचणारी पिढी आता फार थोडी उरली आहे.