नव्या घरात आधी कोणती दुरुस्ती? ट्विन रिव्हर्सचा धडा

१/ घर विकत घेतल्यावर हाती मोजकेच पैसे उरतात. मग आधी खिडक्या बदलाव्यात, भट्टी बदलावी की छपराकडे पाहावे? १९७० च्या दशकात अमेरिकेतील संशोधकांनी या घरगुती प्रश्नाचे उत्तर माणसे राहत असलेल्या एका वसाहतीत शोधले. त्या शोधाचा हा इतिहास. 🧵

२/ ऑक्टोबर १९७३. युद्धात इस्रायलला मदत केल्याबद्दल अरब देशांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला. पिंपाला सुमारे ३ डॉलर असलेला भाव काही महिन्यांत १२ डॉलरच्या आसपास गेला. स्वस्त इंधन गृहीत धरून बांधलेली घरे हिवाळ्यात उबदार ठेवणे आता परवडेनासे झाले.

३/ न्यू जर्सीतील ट्विन रिव्हर्स ही तेव्हा नुकतीच उभी राहिलेली वसाहत. भिंतीला भिंत लागून असलेली, जवळपास एकाच नकाशाची घरे. प्रिन्स्टन विद्यापीठाचे रॉबर्ट सोकोलो व त्यांचे सहकारी १९७२ पासूनच तेथील ऊर्जावापर मोजत होते.

४/ पहिले निरीक्षण चक्रावणारे होते. घरे सारखी, हवामान सारखे. तरी एका घरातील गॅसचा वापर दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक. शिवाय घर विकले जाऊन नवे कुटुंब आले की त्याच घराचा वापर बदले. आधीच्या मालकाच्या बिलांवरून नव्या मालकाला घराचे दोष पुरते कळणे शक्य नव्हते.

५/ दुसरे कोडे पोटमाळ्याचे. त्याच्या तळावर उष्णतारोधक थर अंथरलेला होता; तरीही ऐन हिवाळ्यात पोटमाळा गणिताने सांगितले त्याहून उबदार राही. गौतम दत्त व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला, तेव्हा तेथून होणारा उष्णतेचा ऱ्हास अपेक्षेच्या कित्येक पट निघाला.

६/ चोरवाटा सापडल्या: भट्टीच्या धुराड्याभोवतीची पोकळी आणि दोन घरांमधील सामाईक भिंतीतील पोकळ ठोकळे. घरातील ऊब थराला वळसा घालून थेट वर निसटत होती. नुसता थर जाड करणे म्हणजे गळक्या घागरीत आणखी पाणी ओतणे.

७/ यातून दुरुस्तीचा क्रम ठरत गेला. आधी फटी बुजवाव्यात, मग थर वाढवावा, मग खिडक्यांकडे वळावे. भट्टी शेवटी, कारण गळती थांबल्यावर लहान भट्टीही पुरते. फ्रँक सिंडेन यांनी एका घरात अनेक उपाय एकत्र केले, तेव्हा ते तापवण्यासाठी लागणारी ऊर्जा दोन-तृतीयांशाने घटली.

८/ पण फटी डोळ्यांना दिसत नाहीत. स्वीडनमध्ये १९७७ च्या सुमारास खिडकीत पंखा बसवून घराची गळती मोजली जाऊ लागली. प्रिन्स्टनमध्ये तो पंखा दारात आला: ‘ब्लोअर डोअर’. पंखा आतील हवा बाहेर ओढतो आणि प्रत्येक फटीतून थंड झुळूक आत येते. हात लावला की गळती सापडते.

९/ सरकारी सवलतींचा कल मात्र दर्शनी उपायांकडे होता. १९७८ च्या कायद्यात फटी बुजवणे व उष्णतारोधक थर यांसाठी कमाल ३०० डॉलरची करसवलत होती; सौर उपकरणांसाठी २,२०० डॉलर. १९७९ मध्ये व्हाइट हाउसच्या छपरावर पाणी तापवणारी ३२ सौर तावदाने चढली. १९८६ मध्ये छपराच्या डागडुजीसाठी ती उतरवली गेली, ती परत चढली नाहीत.

१०/ निदानाआधीचा उपचार अंगाशीही येतो. कॅनडात सरकारी अनुदानातून हजारो घरांच्या भिंतींत युरिया-फॉर्माल्डिहाइडचा फेस भरला गेला. त्यातून निघणाऱ्या वायूच्या भीतीने डिसेंबर १९८० मध्ये त्यावर बंदी आली. मालकांना तो काढण्याचा खर्च सोसावा लागला आणि घरांच्या किमती घसरल्या.

११/ घर घट्ट बंद केले, तर श्वासासाठी हवा कोठून आणायची? कॅनडातीलच रेजायना शहरात १९७७ मध्ये बांधलेल्या प्रायोगिक घराने मार्ग दाखवला. बाहेर जाणाऱ्या शिळ्या हवेतील उष्णता आत येणाऱ्या ताज्या हवेला देणारे यंत्र तेथे बसवले होते. फटी बुजवल्या की हवा खेळवण्याची सोय त्याच वेळी करायची, हा नियम तेथून दृढ झाला.

१२/ भरपूर पैसा असलेल्याला क्रमाची चिंता नसते. तो सारेच एकदम बदलू शकतो. कर्ज काढून घर घेतलेल्या कुटुंबाला एकच उपाय परवडतो, आणि तो चुकला तर पुढचे कित्येक हिवाळे त्याची किंमत मोजावी लागते. आधी मोजा, मग बुजवा, मग विकत घ्या: ट्विन रिव्हर्सचा हा धडा अशा कुटुंबांसाठी होता. (समाप्त)