अनोळखी नावाची महाग दुर्बीण घ्यावी का?

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा बांधला गेला. त्यामागे साचत गेलेल्या गाळाने उथळ पाणी, बेटे आणि दलदल निर्माण झाली व स्थलांतरित पक्ष्यांना हक्काचे आश्रयस्थान लाभले. १९८६ मध्ये हा परिसर अभयारण्य म्हणून घोषित झाला. रामसर यादीत स्थान मिळालेली ही महाराष्ट्रातील पहिली पाणथळ जागा असून त्याची घोषणा जानेवारी २०२० मध्ये झाली. हिवाळ्यात चापडगावच्या बाजूला नाशिक-मुंबईचे पक्षिमित्र मोठ्या संख्येने येतात. मनोऱ्यावर पक्ष्यांखालोखाल चर्चा असते ती दुर्बिणींची, आणि त्यातही एका प्रश्नाची : झाइस, लायका, स्वारोव्स्की ही नावे सर्वांना ठाऊक आहेत, पण ज्याचे नाव कोणी ऐकलेले नाही आणि किंमत मात्र भरभक्कम आहे, अशा दुर्बिणीवर पैसे खर्चावेत काय?

नाव अपरिचित म्हणजे वस्तू हलकी, असा निष्कर्ष काढता येत नाही. चेक प्रजासत्ताकातील मेओप्टा ही कंपनी १९३३ पासून भिंगे घडविते. भारतातील सामान्य ग्राहकाने मात्र तिचे नाव क्वचितच ऐकलेले असते. याउलट, एकाच कारखान्यातून निघालेली दुर्बीण निरनिराळ्या नावांनी आणि निरनिराळ्या किमतींना विकली जाते, हेही तितकेच खरे. म्हणून नावापेक्षा काच तपासणे इष्ट.

दुर्बिणीवर ‘८×४२’ असे आकडे असतात. पहिला आकडा वर्धनाचा, दुसरा पुढील भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. व्यासाला वर्धनाने भागले की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशवर्तुळाचा व्यास मिळतो. ८×४२ मध्ये तो सव्वापाच मिलिमीटर, १०×४२ मध्ये ४.२, तर खिशात मावणाऱ्या ८×२५ मध्ये जेमतेम ३.१ असतो. भर दुपारी डोळ्याची बाहुली आकुंचन पावलेली असल्याने हा फरक जाणवत नाही. पहाटेच्या अंधुक उजेडात मात्र तो निर्णायक ठरतो, आणि नांदूर मध्यमेश्वरला पाहण्यासारखे बरेच काही त्याच वेळी घडते.

महाग दुर्बिणीचे पैसे कशाचे? मुख्यतः लेपांचे. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परावर्तित होतो. असे दहा पृष्ठभाग वाटेत आले तर एकतृतीयांश प्रकाश डोळ्यापर्यंत पोचतच नाही. उत्तम लेपांच्या दुर्बिणीतून सुमारे ९० टक्के प्रकाश पार होतो. सरळ नळीच्या ‘रूफ’ लोलकांच्या दुर्बिणीत आणखी एक अडचण असते. प्रकाशाचे दोन भाग होऊन ते पुन्हा जुळताना त्यांच्या लहरींत तफावत पडते व प्रतिमा मंदावते. झाइसने १९८८ मध्ये विशेष लेप आणून ही उणीव दूर केली. आता मध्यम किमतीच्या दुर्बिणींतही तो लेप असतो. ज्या महाग दुर्बिणीच्या माहितीपत्रकात त्याचा उल्लेखच नाही, तिच्याविषयी साशंक राहावे. जुन्या वळणाची, रुंद खांद्यांची ‘पोरो’ लोलकांची दुर्बीण याबाबतीत भाग्यवान. तिला हा लेप लागतच नाही. म्हणूनच कमी पैशांत ती बहुधा सरस ठरते, जरी गळ्यात थोडी अवजड वाटली तरी.

या साऱ्याचा पक्ष्यांशी संबंध कसा येतो? चिखलात टिपत फिरणाऱ्या टिलव्यांचे उदाहरण घ्यावे. छोट्या टिलव्याचे पाय काळे, तर त्याच्याच आकाराच्या टेमिंकच्या टिलव्याचे पाय पिवळसर हिरवे असतात. कोवळ्या उन्हात, ओल्या चिखलाच्या पार्श्वभूमीवर हा रंग ओळखू येणे म्हणजेच चांगली काच. चक्रांग आणि भुवई बदक यांच्या माद्या वेगळ्या काढतानाही चेहऱ्यावरील पुसट पट्टे दिसावे लागतात. नोंदवहीत चुकीचे नाव जाणे वा न जाणे हे अशा बारकाव्यांवरच अवलंबून असते.

तथापि, किंमत कितीही असली तरी दोन मर्यादा उरतात. ४०० मीटरवरील बदक आठपट वर्धनाने ५० मीटरवर असल्यासारखे दिसते. तिथे हजारो रुपये अधिक मोजूनही ते जवळ येत नाही. त्यासाठी तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोपच हवा. दुसरी मर्यादा हवेची. ऊन चढले की पाण्यावरची हवा थरथरू लागते, आणि मग महाग-स्वस्त सारख्याच पातळीवर येतात. दहापट वर्धनात ही थरथर व हाताचा कंप दोन्ही अधिक जाणवतात; पाणथळीवर हातात धरण्यासाठी आठपट वर्धनच बरे.

निफाडच्या थंडीचाही विचार हवा. राज्यातील नीचांकी तापमानांत येथील नोंदी वारंवार येतात. नायट्रोजन भरलेल्या, पूर्ण बंदिस्त दुर्बिणीच्या आत बाष्प धरत नाही. बाहेरच्या भिंगावर श्वासाने धुके येते ते येतेच; त्याला किमतीचा इलाज नाही.

खरेदीपूर्वीची तपासणी सोपी आहे. दुर्बीण हातभर दूर धरून उजेडाकडे पाहावे. मागच्या भिंगातील प्रकाशवर्तुळे पूर्ण गोल दिसली पाहिजेत, कडा कापल्यासारखी नव्हेत. विजेची तार वा छताची कड पाहताना प्रतिमा दुहेरी भासल्यास किंवा पाच मिनिटांत डोळे ताणल्यासारखे वाटल्यास दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत असे समजावे. आकाशाच्या पार्श्वभूमीवरील फांदीला जांभळी-हिरवी किनार जितकी कमी, तितके बरे. चष्मा वापरणाऱ्यांनी चष्म्यासह संपूर्ण वर्तुळ दिसते का हे पाहावे. त्यासाठी भिंग आणि डोळा यांतील अंतर साधारण १६ मिलिमीटर तरी लागते.

या कसोट्यांना उतरलेली अनोळखी दुर्बीणही निर्धास्तपणे घ्यावी, असे मात्र नाही. ती पडली, नळ्या सरकल्या, तर दुरुस्ती कोठे होईल हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. परदेशी पाठविणे हाच मार्ग असेल, तर टपालखर्च, सीमाशुल्क आणि बुडालेला हंगाम हेही किमतीतच धरायला हवेत. न पाहता, केवळ छायाचित्रावरून मागविण्याची वेळ असेल तर त्याच पैशांत परिचित नावाची मध्यम दर्जाची ८×४२ घ्यावी व उरलेल्या रकमेतून तिपाई आणि जुना स्कोप शोधावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या एखाद्या रविवारी मनोऱ्यावर अर्धा डझन निरनिराळ्या दुर्बिणी सहज आढळतात, आणि विनंती केल्यास पक्षिमित्र त्या हाती देण्यास सहसा नकार देत नाहीत. सूर्य मावळल्यानंतरच्या दहा मिनिटांत त्या एकामागून एक डोळ्याला लावून पाहाव्यात.