मोजणीदाराच्या खिशातला कंपास

१८५३ साली निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला आणि पुढच्या दशकात इकडे मुंबई पद्धतीने वावरांची मोजणी सुरू झाली. त्या मोजणीबद्दल बाळापुरात कुणी बोलत नाही, पण धुऱ्यावरून भांडण झाले की तिच्याच नकाशाकडे सगळे धावतात.

आमच्या चुलत आजोबांकडे एक पितळी प्रिझमॅटिक कंपास होता. तळहाताएवढी गोल डबी. हे यंत्र श्माल्काल्डर नावाच्या लंडनच्या कारागिराने १८१२ साली पेटंट केले. आधी सर्व्हेअरला एकदा दूरच्या खुणेकडे आणि एकदा खाली सुईकडे पाहावे लागे. डोळ्याजवळ छोटे प्रिझम बसवल्यामुळे खूण आणि अंश एकाच वेळी दिसू लागले. तबकडीवरचे आकडे उलटे छापलेले असतात, प्रिझममधून ते सुलटे दिसतात. लहानपणी मला वाटे छापणाऱ्याचीच चूक झाली!

त्याच शतकात लॅम्टनसाहेबांचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा होता. ते १८२३ साली आपल्या हिंगणघाटलाच वारले. त्यापुढे ही डबी म्हणजे खेळणेच.

पण खिशातल्या यंत्रावर वावराची हद्द सोपवता येत नाही. आपला वऱ्हाड बसाल्टच्या काळ्या पाषाणावर बसला आहे. त्या दगडात मॅग्नेटाइट असते आणि उघड्या खडकाजवळ सुई भरकटू शकते. मोजणीची साखळी, पहार, चाव्या, सगळेच लोखंड. म्हणून जाणता माणूस दोन्ही टोकांवरून वाचन घेई. दोहोंत बरोबर १८० अंशांचा फरक आला तर ठीक, नाहीतर कुठेतरी सुई ओढली जात आहे असे समजायचे.

चूक किती महाग पडते पाहा. एक साखळी ३३ फुटांची. दहा साखळ्या, म्हणजे ३३० फूट चालल्यावर एका अंशाच्या चुकीने जवळपास पावणेसहा फूट सरकतो माणूस. पावणेसहा फुटांसाठी सख्खे भाऊ बोलेनासे झालेले मी शाळेतल्या पोरांच्या घरी पाहिले आहेत. म्हणून दिशा कंपासने पाहिली तरी वावराचे क्षेत्र साखळीनेच ठरे. ३३ बाय ३३ फुटांचा गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर, हे त्यामागचे गणित.

आता भूमी अभिलेखवाले रोव्हर घेऊन येतात, उपग्रहांवरून जागा काढतात. तरी आल्या आल्या पहिला प्रश्न विचारतात, जुना हद्दीचा दगड कुठाय?