दोन वकील, दोन तह

मंडळी, 'वकील' म्हटलं की आज काळा कोट डोळ्यांसमोर येतो. मराठेशाहीत वकील म्हणजे परक्या दरबारात धन्याची बाजू मांडणारा माणूस. आजच्या भाषेत राजदूत. खलिते पोचवायचे, तिथल्या बातम्या लिहून पाठवायच्या आणि प्रसंग आला की तहाची बोलणी करायची, हे त्याचं काम. या कामाचं मोल समजून घ्यायला आपल्याला पुण्या-दिल्लीला जायला नको. बडनेऱ्याहून एका दिवसात जाऊन येता येईल, एवढ्या अंतरावर १८०३ साली ते कळून आलं.

त्या वर्षी दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघूजी भोसले इंग्रजांविरुद्ध एकत्र उभे राहिले. २३ सप्टेंबरला असईला दोघांचा पराभव झाला. लढाईत दोघं एकत्र होते. बोलणी मात्र वेगवेगळी सुरू झाली. शिंद्यांच्या वकिलांनी आर्थर वेलस्लीशी २३ नोव्हेंबरला युद्धविराम ठरवला. त्यात भोसले नव्हते. सहाच दिवसांनी अकोल्याकडच्या अडगावला वेलस्लीनं भोसल्यांच्या फौजेवर चाल केली. शिंद्यांची फौजही तिथंच सापडली, तेव्हा तो युद्धविराम कुणाच्याच उपयोगी पडला नाही. १५ डिसेंबरला गाविलगड पडला.

दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. भोसल्यांचे वकील होते यशवंतराव रामचंद्र. शिंद्यांचा तह ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला झाला. एकाच मुलुखात, तेरा दिवसांच्या अंतरानं, दोन मित्रांचे दोन तह!

देवगावच्या तहानं भोसल्यांचा कटक प्रांत आणि बालासोर बंदर गेलं. वऱ्हाडात भोसले आणि निजाम यांचा जो दुहेरी अंमल होता, तो संपला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख, नरनाळा-गाविलगडाकडचा थोडा भाग सोडून, भोसल्यांच्या हातून गेला. पण आम्हाला त्याहून महत्त्वाची वाटतात ती दुसरी कलमं. भोसल्यांनी शिंद्यांशी असलेली जूट सोडायची. निजामाशी किंवा पेशव्यांशी तंटा झाला, तर निवाडा कंपनी करणार. म्हणजे शेजाऱ्याशी भांडायचं किंवा समेट करायचा, तर मध्ये तिसरा माणूस. १८१६ च्या तैनाती तहानं स्वतंत्र वकिलातीचा उरलासुरला हक्कही गेला आणि १८५४ मध्ये राज्यच खालसा झालं.

याच सुमारास युरोपात उलटं घडत होतं. सेंट जॉनचे सरदार हा कॅथलिक लढवय्यांचा धर्मसंघ १५३० पासून माल्टा बेटावर राज्य करत होता. फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, जर्मन असे अनेक देशांचे सरदार त्यात; पण रोम, पॅरिस, माद्रिदच्या दरबारी त्यांचा राजदूत संपूर्ण संघाच्या नावानं बोले. १७९८ साली नेपोलियननं बेट घेतलं, ते परत मिळालं नाही. तरी आज या संघाचे शंभराहून अधिक देशांशी राजनैतिक संबंध आहेत. भूमी गेली, बोलण्याचा हक्क राहिला. नागपूरकडे भूमी होती, तरी तो हक्क आधी गेला.

आता, वकील एकत्र बसले असते म्हणून अडगावची लढाई जिंकली असती, असं आम्ही म्हणत नाही. इंग्रजांच्या तोफा आणि कवायती पलटणी होत्याच. पण हरलेल्यालाही एक ताकद असते : आपण सगळे मिळून बोलू, असं म्हणण्याची. ती देवगाव आणि अंजनगाव यांच्यामधल्या तेरा दिवसांत गेली. सार्वभौमत्व फक्त किल्ल्यांत नसतं. आपल्या वतीनं कोण बोलणार, हे आपण ठरवण्यातही असतं.