संवादी संगणक-संगीत

संगणकाला साथीला घेऊन, मैफल चालू असतानाच संगीत रचण्याची पद्धत. पेठच्या (जि. नाशिक) डोंगरी भागातला पावरीवादक नाचणाऱ्यांच्या पायांवर नजर ठेवून लय चढवतो; इथे ती नजर संगणक-प्रणालीची. वादकाचा सूर, जोर, लय टिपून ती तत्क्षणी उत्तर देते. संगीतकार जॉर्ज लुईस यांची ‘व्हॉयेजर’ प्रणाली (१९८०चे दशक) तर वादक गप्प असतानाही आपणहून वाजवते. याला साथ म्हणावे की जुगलबंदी? अजय कपूर यांच्या ई-सितारमध्ये (२००४) डाव्या हाताखालचा पडदा आणि उजव्या अंगठ्याचा दाब संवेदक वाचतात. मुंबईतील अल्गोरेव्ह कार्यक्रमांत कलाकार श्रोत्यांसमोरच कोड लिहून ताल उभा करतात. रागसंगीतातली मींड अचूक ओळखणे मात्र अशा प्रणालींना आजही जड जाते.