दम्याची सुई : एका उपचाराचा इतिहास

ज्या घरात दम्याचा रुग्ण आहे, त्या घराला रात्रीचे भय समजावून सांगावे लागत नाही. पहाटे तीन-चारच्या सुमारास छाती घरघरू लागते, रुग्ण उशीवर हात टेकून पुढे वाकून बसतो आणि घरातील सारी माणसे त्याच्या प्रत्येक श्वासाबरोबर आपलाही श्वास मोजू लागतात. एके काळी अशा वेळी कोणीतरी डॉक्टरांच्या दाराकडे धाव घेई. डॉक्टर येत, उकळत्या पाण्यातून काढलेली काचेची सिरिंज भरत आणि सुई टोचत. काही मिनिटांत श्वास मोकळा होई. ‘सुई दिली म्हणून जीव वाचला’ हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले असेल.

आज दम्यासाठी पुन्हा इंजेक्शने दिली जातात. परंतु ती त्या जुन्या सुईची वारसदार नव्हेत. नाव तेच राहिले, काम मात्र सर्वस्वी बदलले. हा बदल ध्यानात न आल्यास उपकारक औषधही घात करू शकते. म्हणून या सुईचा इतिहास थोडक्यात पाहणे अगत्याचे आहे.

त्या इतिहासाचा आरंभ न्यूयॉर्कमध्ये होतो. जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने आपला सहकारी केइझो उएनाका याच्या साहाय्याने जनावरांच्या मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून एक शुद्ध स्फटिकरूप द्रव्य वेगळे केले आणि १९०१ मध्ये ते ‘ॲड्रिनलिन’ या नावाने जगापुढे आले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९०३ मध्ये, त्याच शहरातील बुलोवा व कॅप्लन या डॉक्टरांनी दम्याच्या झटक्यात हे द्रव्य त्वचेखाली टोचून पाहिले. गुदमरणारे रुग्ण सावरले. दम्याच्या झटक्यावरील पहिले खरोखर परिणामकारक इंजेक्शन ते हेच. पण त्याचा प्रभाव अल्पकाळ टिकणारा होता. शिवाय हृदयाची धडधड आणि हातापायांचा कंपही त्याच्याबरोबर येई. झटका ओसरे, रोग जागच्या जागी राही.

रोगाच्या मुळाला हात घालण्याचा प्रयत्न १९११ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात लेनर्ड नून यांनी केला. ज्या गवताच्या परागांमुळे रुग्णाला त्रास होतो, त्याच परागांचा अर्क अत्यल्प मात्रेत टोचायचा आणि मात्रा हळूहळू वाढवीत न्यायची, ही त्यांची रीत होती. ते स्वतः १९१३ मध्ये क्षयाने गेले. जॉन फ्रीमन यांनी ते कार्य पुढे चालविले. ही पद्धत जगभर पसरली आणि दम्याच्या रुग्णांनाही अशी इंजेक्शने दिली जाऊ लागली. मात्र जे टोचायचे तेच रुग्णाचे वावडे असल्याने केव्हा केव्हा संपूर्ण शरीरच भडकून उठे. १९८६ मध्ये ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने १९५७ पासून अशा उपचाराने २६ मृत्यू झाल्याचे जाहीर केले. मृतांत दम्याचे रुग्ण ठळकपणे होते. जेथे प्राणरक्षणाची साधने सज्ज आहेत तेथेच हे इंजेक्शन द्यावे आणि त्यानंतर रुग्णाला दोन तास नजरेखाली ठेवावे, असा दंडक समितीने घातला. सुई टोचून झाल्यावर उपचार संपत नाही, हा धडा वैद्यकाला फार मोठी किंमत मोजून शिकावा लागला.

दरम्यान शरीर असे भडकते तरी का, याचा शोध दुसऱ्या वाटेने चालू होता. १९२१ मध्ये जर्मनीतील ब्रेस्लाऊ येथे कार्ल प्राउस्निट्झ यांनी एक धाडसी प्रयोग केला. त्यांचे सहकारी हाइन्झ क्युस्टनर यांना शिजवलेले मासे वर्ज्य होते. खाताच अंगावर गांधी उठत. प्राउस्निट्झ यांनी क्युस्टनर यांच्या रक्तातील द्रव स्वतःच्या पोटाच्या त्वचेत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. प्राउस्निट्झ यांना माशांचा काडीमात्र त्रास नव्हता, तरीही तेथे गांधी उठली. म्हणजेच वावडे वाहून नेणारा कोणता तरी पदार्थ रक्तात असतो, हे सिद्ध झाले.

त्या पदार्थाची ओळख पटण्यास आणखी ४५ वर्षे लागली. अमेरिकेतील डेन्व्हर येथे किमिशिगे व तेरुको इशिझाका या पतिपत्नींनी १९६६ मध्ये, आणि स्वीडनमधील उप्साला येथे योहान्सन व बेनिख यांनी १९६७ मध्ये, स्वतंत्र मार्गांनी तो शोधून काढला. १९६८ मध्ये त्याचे ‘आयजीई’ असे नामकरण झाले. हे प्रतिपिंड विशिष्ट पेशींना चिकटून बसते आणि धूळ वा परागाचा स्पर्श होताच त्या पेशींतून दाहक द्रव्ये बाहेर फेकली जातात. अनेकांच्या दम्यामागे हीच साखळी असते.

साखळी कळली, ती तोडण्याचे हत्यार १९७५ मध्ये मिळाले. त्या वर्षी केंब्रिजमध्ये क्योलर व मिल्स्टाइन यांनी एकाच प्रकारचे प्रतिपिंड हवे तेवढे तयार करण्याची युक्ती शोधली आणि १९८४ मध्ये ते नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. त्याच युक्तीतून आयजीईला पेशींपर्यंत पोहोचण्यापूर्वीच गाठणारे ‘ओमॅलिझुमॅब’ हे औषध निर्माण झाले व जून २००३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. रुग्णाचे वजन आणि रक्तातील आयजीईचे प्रमाण पाहून त्याची मात्रा ठरते आणि ते दोन किंवा चार आठवड्यांनी त्वचेखाली देतात. त्याचा गुण आठवड्या-महिन्यांनी दिसतो. रात्री उठलेल्या झटक्यावर ते उपयोगी नाही, हे येथे ठळकपणे सांगितले पाहिजे.

आणि इतिहासाने पुन्हा तोच धडा गिरवून घेतला. ॲलर्जी शमविणाऱ्या या औषधानेच काही जणांना तीव्र ॲलर्जी होऊ लागली. सुमारे ५७,३०० रुग्णांच्या वापरावरून हे प्रमाण हजारात किमान दोन असे आढळले. कोणाला पहिल्याच मात्रेनंतर, तर कोणाला वर्षभर सुखरूप उपचार घेतल्यावर हा त्रास झाला. २००७ मध्ये औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीत इशारा छापण्यात आला. अमेरिकेतील तज्ज्ञांनी पहिल्या तीन मात्रांनंतर दोन तास आणि पुढे प्रत्येक वेळी अर्धा तास रुग्णाला थांबवून घेण्याची शिफारस केली. अंगावर गांधी, ओठ वा जिभेला सूज, घशात आवळल्यासारखे होणे, भोवळ अशी लक्षणे दिसल्यास प्राण वाचविणारे औषध कोणते? तेच ताकामिने यांचे ॲड्रिनलिन. शंभर वर्षांपूर्वीची सुई आता नव्या सुईची राखणदार झाली आहे.

दुसरा धडा ‘मेपोलिझुमॅब’ने शिकविला. दम्याच्या रुग्णांना सरसकट दिले असता या औषधाने निराशा केली. मात्र २००९ मध्ये लेस्टर व कॅनडातील हॅमिल्टन येथील संशोधकांनी इओसिनोफिल नावाच्या पेशी वाढलेले रुग्ण निवडून त्यांना ते दिले, तेव्हा झटके लक्षणीय घटले. २०१५ मध्ये त्याला मान्यता मिळाली. त्यामागून बेनरालिझुमॅब, ड्युपिलुमॅब, टेझेपेलुमॅब ही भावंडे आली. शेजाऱ्याला गुण आला म्हणून तेच इंजेक्शन आपणही मागावे, हा विचार म्हणूनच चुकीचा आहे. औषध दम्याला नव्हे, त्या त्या रुग्णाच्या दम्याच्या जातीला लागू पडते. आपल्याकडे पोटातील जंतांचा उपद्रव सर्वत्र आहे आणि या औषधांपैकी काहींनी जंतांशी झुंजणारी शक्तीच रोखली जाते. तेव्हा उपचारापूर्वी जंतांविषयी डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे.

२०२१ पासून अमेरिकेत निवडक रुग्णांना ओमॅलिझुमॅब घरी टोचून घेण्याची मुभा मिळाली. पण निदान पहिल्या तीन मात्रा डॉक्टरांसमोर निर्विघ्न पार पडल्यावरच. घरी औषध २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे, ते गोठू देऊ नये, टोचण्यापूर्वी बाहेर काढून सामान्य तापमानाला येऊ द्यावे आणि सिरिंज हलवू नये, ही पथ्ये क्षुल्लक नाहीत.

सर्वांत मोठे पथ्य मात्र निराळेच आहे. नवे इंजेक्शन लागू पडते, रात्री शांत जातात आणि मग इनहेलर फळीवर धूळ खात पडतो. स्टेरॉइडच्या गोळ्याही कोणी परस्पर बंद करतो. घात होतो तो येथे. ही इंजेक्शने नेहमीच्या उपचाराची जागा घेत नाहीत, ती त्याला जोड देतात. गोळ्या कमी करायच्या असतील तर त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, पायरीपायरीनेच कमी कराव्यात, आणि झटक्यावरचा इनहेलर सदैव हाताशी असावा.

पूर्वी सुई टोचली की डॉक्टर पेटी बंद करून निघत आणि घर निर्धास्त होई. आज सुई टोचल्यावर दवाखान्याच्या बाकावर बसून राहावे लागते. घड्याळाकडे पाहत कंटाळलेला रुग्ण म्हणतो, ‘आता मला काही होत नाही, जाऊ का?’ त्याने बसून राहावे. ब्रिटनमधील त्या २६ जणांच्या मृत्यूने जो नियम घालून दिला, त्याचीच ती अर्ध्या तासाची किंमत आहे.